अकरा नंबरचं पॅलेट

अकरा नंबरचं पॅलेट मी काळ्या फरशीवर ठेवलं आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. टक्‌ असा आवाज आला. अंगठा उचलला, पुन्हा टक्‌. सपाट पॅलेट गप्प बसतं, वाकलेलं बोलतं. कोपऱ्याखाली मी मोजायची पोलादी पट्टी सरकवली. अर्धा मिलिमीटर जाडीची सहज आत गेली. पाऊण मिलिमीटरचीही गेली, जरा घासत. अर्ध्याच्या वर गेलं की बाद, असा नियम भिंतीवर डकवलेला होता. मी लाल टॅग बांधला, त्यावर तारीख घातली आणि पॅलेट रॅकच्या तळच्या फळीवर, आधी बाद झालेल्या तिन्हींशेजारी ठेवून दिलं.

तेवढ्यात खिडकीची झडप वर सरकली.

"वैजू, जेवलीस का गं?"

यमुनाताई आहेर. त्यांचा नुसता गोल चेहरा आणि डोक्यावरची निळी टोपी, एवढंच त्या खिडकीत मावायचं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. नाशकात, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणारा एक कारखाना होता. तिथं मी पॅलेट धुण्याच्या खोलीत होते. बाहेर लाइनवर एक लांबलचक मशीन होतं आणि त्याच्या पोटात वितळलेल्या सोल्डरची, म्हणजे जोड देणाऱ्या धातूची, लाट सतत उसळत असायची. बोर्ड तिच्यावरून सरकत गेला की खालच्या बाजूनं त्यावरच्या भागांचे पाय जोडले जायचे. पण बोर्ड उघडा सोडून चालत नाही. त्याच्या पोटाला आधीच बसवलेले तांदळाच्या दाण्याएवढे भाग असतात, ते त्या लाटेत वाहून जातील. म्हणून तो पॅलेटमध्ये बसवायचा. पॅलेट म्हणजे दगडासारखी दिसणारी, काचेच्या धाग्यांची जाड पाटी. जिथं सोल्डर लागायला हवं तिथं तिला भोकं, जिथं लागता कामा नये तिथं खळगे. दिवसातून तीसदा अडीचशे अंशांच्या लाटेवरून जायचं म्हटल्यावर दगडसुद्धा थकेल. पॅलेटवर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून फवारलेल्या औषधाचा, तपकिरी, चिकट थर चढतो, कडा झिजतात, बोर्ड धरून ठेवणारे चिमटे सैल पडतात आणि एक दिवस ते वाकतं. ते धुणं, खळगे ब्रशनं कोरणं, चिमटे बदलणं, वाक मोजणं, हे सगळं माझ्याकडे होतं.

खोली शेडच्या अगदी मागच्या टोकाला होती. धुण्याच्या मशीनची घरघर आणि फ्लक्सचा वास, दोन्ही असे की तिथं कुणी दोन मिनिटंही थांबत नसे. डोळ्यांवर मोठा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. सुपरवायझर खैरनार मला नावानं ओळखत नसत, 'पॅलेटवाल्या बाई' म्हणत. येवल्याचं सासर सोडून मला चार वर्षं झाली होती. भाऊ सिन्नरला होता आणि दिवाळीला फोन करायचा. कामटवाड्याच्या खोलीला सकाळी कुलूप लावलं की संध्याकाळी ते उघडेपर्यंत माझं ज्या एका माणसाशी बोलणं व्हायचं ते त्या हातभर खिडकीतून. यमुनाताई मळलेली पॅलेट आत सरकवायच्या, धुतलेली घेऊन जायच्या आणि तेवढ्यात अर्धं मिनिट बोलून घ्यायच्या. त्यांच्या लेकीची, दर्शनाची, बारावी, तिचा कोर्स, तिला पाहायला आलेली मंडळी, हे सगळं मला तीन वर्षांत अर्ध्या अर्ध्या मिनिटानं कळत गेलं.

"जेवले," मी म्हटलं. "तुम्ही?"

"माझं कसलं जेवण! घरात नुसती धांदल आहे. शनिवारी साखरपुडा, अकराचा मुहूर्त. आणि ऐक, तू यायचंस. पाहुण्यासारखी नाही, सकाळीच यायचंस. माझ्या बाजूनं उभं राहायला बाई नाही कुणी."

चार वर्षांत मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला शुभकार्यात बोलावताना लोक दहादा विचार करतात.

"येईन," मी म्हटलं.

"ये." त्या गेल्या नाहीत. खिडकीच्या चौकटीवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या. "वैजू, आज आठच पॅलेट आली बाहेर. नऊ असतात ना?"

"अकरा नंबर वाकलंय. बाद केलं."

"फार वाकलंय?"

"पाऊण."

"पाऊण काय गं, नखाएवढं." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ. आठशे बोर्ड आहेत. नऊ पॅलेट असतील तर गुरुवारी संपतात, शुक्रवारी टेस्टिंग, पॅकिंग, शनिवारी आमची लाइन बंद. आठांवर ऐंशी बोर्ड मागे राहतात. खैरनारांनी स्पष्ट सांगितलंय, राहिलं तर शनिवारी सगळ्यांनी यायचं, साखरपुडा असो नाहीतर लग्न असो. नवी पॅलेट कधी येणार?"

"पुढच्या आठवड्यात म्हणतात."

"मग तीन दिवस दे की. तीन दिवसांत काय जगबुडी होतेय? मी स्वतः बसवीन त्यात बोर्ड, नीट दाबून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी रॅककडे गेले, खाली वाकले, लाल टॅगची दोरी सोडवली आणि अकरा नंबर खिडकीतून बाहेर दिलं. टॅग एप्रनच्या खिशात टाकला.

"गुणाची आहेस," यमुनाताई म्हणाल्या.

मंगळवार, बुधवार मी रोज संध्याकाळी ते पॅलेट सगळ्यांत आधी धुवायला घेत होते. काही दिसलं नाही. मनाला म्हटलं, ताई म्हणतात तेच खरं, नखाएवढं तर आहे. बुधवारी घरी जाऊन पेटीतली जांभळी साडी काढली, इस्त्री करून आणली.

गुरुवारी दुपारी आठशेवा बोर्ड लाटेवरून गेला आणि नऊही पॅलेट शेवटची म्हणून धुवायला आली. अकरा नंबरचा डावीकडचा खळगा कोरताना ब्रशला काही तरी अडकलं. चिमट्यानं उचललं. सोल्डरचा पातळ पापुद्रा होता, कडुनिंबाच्या पानाएवढा, चकचकीत. जिथं सोल्डरचा थेंबही पोहोचता कामा नये अशी ती जागा होती. बोर्ड आणि पॅलेट यांच्यामध्ये फट पडली होती आणि लाट तिच्यातून वर चढली होती. एवढं इथं निघालं म्हणजे आणखी किती बोर्डांच्या पोटाला चिकटून गेलं असेल?

मी झडपेवर थाप मारली. यमुनाताई आल्या. मी तळहात पुढे केला.

त्यांनी तो पापुद्रा पाहिला. पंधरा वर्षं त्या मशीनवर काढलेली बाई. तिला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"टेस्टिंगला सगळे पास होतायत," त्या म्हणाल्या. "निम्मे झाले पण."

"केसाएवढं असलं तर टेस्टिंगला नाही कळत, ताई. तापल्यावर कळतं."

"तुला काय माहीत?"

"तुम्हीच सांगितलं होतंत."

मागून कुणीतरी हाक मारली. "टाकून दे ते," त्या म्हणाल्या आणि झडप खाली ओढली.

शुक्रवारी सकाळी मी कंपनीत शिरले तेव्हाही माझं काही ठरलेलं नव्हतं. माझ्या खोलीकडे जायची वाट पॅकिंगवरून होती. तिथं खोकी रचलेली होती, माणसाच्या उंचीएवढी. हे बोर्ड कुठं लागतात ते आम्हाला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दिसणं वेगळं. खोक्यांवर गिऱ्हाईकाच्या कंपनीचं चित्र छापलेलं होतं, वर गोल दिवा आणि खाली ताटलीएवढ्या गादीवर झोपलेलं बाळ. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी यंत्रं. बोर्डाचं काम एवढंच की ऊब पुरेशी झाली की हीटर बंद करायचा.

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. पॅकिंगची मुलगी म्हणाली, "काय हवंय बाई?" मी वळले आणि क्वालिटीच्या केबिनमध्ये गेले.

गोसावी साहेब तरुण होते, सडपातळ, कायम घाईत असलेले. मी टेबलावर पापुद्रा ठेवला आणि लाल टॅग ठेवला.

"पॅलेट बाद केलं होतं, साहेब. सोमवारी. मग टॅग काढून लाइनवर दिलं. तीन दिवस चाललं ते."

त्यांनी भिंग उचललं, पापुद्रा पाहिला आणि हळूच खाली ठेवला. "कुठला बोर्ड कुठल्या पॅलेटमधून गेला, याची काही नोंद?"

"नाही."

"म्हणजे आठशेच्या आठशे उघडायचे." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "बाई, तुम्ही आला नसता तर आम्हाला कळलंही नसतं. हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं.

खोकी न्यायला आलेली गाडी थांबवली. दिवस खोकी परत आणण्यात आणि फोनाफोनीत गेला. संध्याकाळी खैरनारांनी सगळ्यांना लाइनशी जमवलं. "उद्या आठ वाजता सगळे हजर. सुट्टी नाही, सवलत नाही. पॅलेटवाल्या बाईंची कृपा." चौदा माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. यमुनाताईंनी तेवढं पाहिलं नाही. त्या हातातला कागद घडी करत होत्या. पुन्हा उलगडत होत्या. पुन्हा घडी करत होत्या.

शनिवारी आम्ही दोन लांब टेबलांना बसलो. प्रत्येकापुढे दिव्याचं भिंग. बोर्ड उलटा करायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहायचा, बरा असेल तर डावीकडे, शंका आली तर लाल ट्रेमध्ये. मुहूर्त दुपारी तीनवर ढकलल्याचं मी बायकांच्या बोलण्यातून ऐकलं. यमुनाताई माझ्यासमोरच्या टेबलाला होत्या. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा अख्ख्या पाहत होते. त्या माझ्या समजुतीपेक्षा बुटक्या होत्या आणि डाव्या पायानं किंचित लंगडत होत्या. एवढी वर्षं मला ते माहीतच नव्हतं.

बारा वाजेपर्यंत लाल ट्रेमध्ये आठ बोर्ड जमले. नववा यमुनाताईंनी टाकला. त्यांनी तो बराच वेळ भिंगाखाली धरला होता. मग स्वतः उठून गोसावी साहेबांकडे नेऊन दिला.

साहेबांनी तो टेस्टिंगच्या हीटरला जोडला. "या सगळे. बघा," ते म्हणाले. आम्ही कोंडाळं करून उभे राहिलो. हीटर तापू लागला. पस्तीस. छत्तीस. साडेछत्तीसला बोर्डानं हीटर तोडायला हवा होता. सदतीस झाले. अडतीस. कुणी हललं नाही. चाळीस. चव्वेचाळीस. साहेबांनी सत्तेचाळीसला हातानं बटण बंद केलं.

"काल पास झालेला बोर्ड आहे हा," ते म्हणाले.

मागच्या एका बाईनं तोंडावर पदर धरला. खैरनार टोपी काढून हातात धरून उभे होते. मग साहेब माझ्याकडे वळले. आवाज चढवून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"टॅग काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

समोर यमुनाताई होत्या. त्यांची नजर हीटरवर होती. मी थांबले. मनात मोजले नाहीत, पण दहा आकडे होतील एवढी थांबले.

"कुणी नाही, साहेब. लाइनला पॅलेट कमी पडत होती. मीच काढला."

"का पण?"

"चूक झाली."

यमुनाताईंनी मान वर केली नाही.

एक वाजता काम संपलं. मी हात धुवायला बायकांच्या खोलीत गेले तर तिथं यमुनाताई एकट्याच होत्या. घरून पिशवीत घालून आणलेला पोपटी शालू नेसत होत्या. खांद्यावर पदर बसवून पिन लावायचा प्रयत्न चालला होता, पण हात मागे पोहोचत नव्हता. आरशात त्यांना मी दिसले. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग न वळता पिन धरलेला हात खांद्यावरून माझ्याकडे केला.

मी हात पुसले. पदराच्या निऱ्या सारख्या केल्या. पिन लावली. माझ्या बोटांना फ्लक्सचा वास होता, शालूला लागू नये म्हणून मी नखांनीच धरत होते. पिन बसल्यावर वाटलं, आता काहीतरी म्हणतील. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यांनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. "चल" म्हणाल्या नाहीत. मीही घरी येऊन जांभळी साडी पेटीत ठेवली.

मला तीन दिवस कामावरून दूर ठेवलं आणि फाइलला ताकिदीचा कागद लागला. परत आले तेव्हा खिडकीत दुसरी मुलगी होती. यमुनाताईंनी स्वतः अर्ज करून दुसऱ्या शेडमध्ये बदली मागून घेतली होती. नवी मुलगी कानात हेडफोन घालून काम करायची. पॅलेट आत सरकवायची, बाहेर ओढायची. त्या वर्षापासून पॅलेटवर स्कॅन करायची पट्टी लागली आणि कुठला बोर्ड कुठल्या पॅलेटमधून गेला याची नोंद होऊ लागली. मी आणखी सहा वर्षं तिथं काढली. कधी गेटवर, कधी कॅन्टीनच्या रांगेत यमुनाताई लांबून दिसायच्या. दिसल्या की त्या वळायच्या, नाहीतर मी वळायचे. त्यांच्या लेकीचा दिवस मी नासवला होता. कोणत्या तोंडानं समोर जाणार?

पुढे मी नोकरी बदलली. दुसऱ्या कंपनीत नव्या मुलींना पॅलेट कसं धुवायचं, कसं मोजायचं ते शिकवू लागले. सगळं आयुष्य बारीक पाहण्यात गेलं, तेव्हा डोळ्यांनी तक्रार करायचीच. मागच्या हिवाळ्यात मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून आम्हा सगळ्यांना ओळीनं खुर्च्यांवर डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. सिस्टरनं तिच्याही डोळ्यांत थेंब घातले.

"झोंबतंय हो," ती म्हणाली.

तो आवाज मी कुठंही ओळखला असता.

"यमुनाताई?"

शेजारी बांगड्या वाजल्या. मग, "वैजू?"

"हो."

"डोळे उघडू नकोस. उघडू नको म्हणालीय ती."

"नाही उघडत."

आम्ही तशाच बसलो. लांब कुठंतरी नंबर पुकारत होते.

"कशी आहे दर्शना?" मी विचारलं.

"बरी आहे. दोन मुलं आहेत. औषधं आणायला गेलीय खाली." त्या थांबल्या. "तू फार रागावली असशील माझ्यावर."

"मी? ताई, तुम्ही रागावला होतात. साखरपुडा..."

"साखरपुडा झाला की गं. तीनला काय, अकराला काय." त्यांच्या खुर्चीचा पाय कुरकुरला. "तू माझं नाव घेशील म्हणून मी त्या दिवशी उभी होते. घेतलं नाहीस. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू."

सहा वर्षं एका गेटातून जाऊन-येऊन हे आम्हाला एकमेकींना सांगता आलं नव्हतं.

"साहेबांना मी चूक झाली म्हणाले," मी म्हटलं. "पण चूक नव्हती ती. तुम्ही मागितलंत म्हणून दिलं. नाही म्हटलं असतं आणि तुम्ही खिडकीशी यायचं बंद केलं असतंत तर? दुसरं कुणी येत नव्हतं माझ्याकडे."

"ते मला ठाऊक होतं, वैजू," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आधी बोलावलं तुला, आणि मग मागितलं."

मी डोळे घट्ट मिटून घेतले. औषध पापण्यांतून बाहेर येऊन गालावर उतरलं. मी ते पुसलं नाही. माझ्या खुर्चीच्या दांडीवर त्यांच्या बोटांचा आवाज झाला; माझा हात शोधत होत्या, सापडला नाही, दांडीवरच हात ठेवून राहिल्या.

पावलं वाजली. "आई, चल. डॉक्टर बोलावतायत. हात दे." आणि मग जरा थांबून, "या कोण?"

"ही वैजू," यमुनाताई म्हणाल्या. "तुझ्या साखरपुड्याला उशीर झाला ना, तू म्हणायचीस, कंपनीतल्या कुठल्या बाईनं घोळ घातला. घोळ मी घातला होता. हिनं निस्तरला."

मी डोळे उघडले. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक पुसट पिवळा आकार. तो आकार वाकला आणि यमुनाताईंना उठवून घेऊन गेला. डावा पाय घासत चालल्याचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत येत राहिला.

बऱ्याच वेळानं सिस्टर आली. माझ्या पापणीवर टॉर्च धरला.

"काकू, आता दोन-तीन तास नीट दिसणार नाही. एकट्या जाऊ नका. सोबत कोण आहे तुमच्या?"

"होत्या एक," मी म्हटलं. "आत्ताच आत गेल्या."